पिक्सेल एलईडीची पहिली चौकट: पडदा आधी, स्ट्रिप नंतर

नवी स्ट्रिप टेबलावर पेटवली की छान दिसते. तीच लाकडी चौकटीत बसवून समोर पांढरं ॲक्रिलिक लावलं, की ॲक्रिलिकवर एकेक टिंब उमटतं आणि मधली जागा काळवंडते. मग आणखी जाड ॲक्रिलिक आणलं जातं, टिंबं तशीच राहतात, फक्त उजेड कमी होतो. यात ॲक्रिलिकचा दोष नसतो. स्ट्रिप आधी घेतली आणि चौकटीची खोली नंतर ठरली, तिथेच गणित चुकलेलं असतं. म्हणून या लेखात खरेदीचा क्रम उलटा आहे: आधी खोली, मग पडदा, मग स्ट्रिप आणि शेवटी वीज.

खोलीचं गणित

ॲड्रेसेबल एलईडी, म्हणजे बाजारात ज्याला पिक्सेल एलईडी म्हणतात, त्यात प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रंग देता येतो. स्ट्रिपवर मीटरला ३०, ६० किंवा १४४ दिवे असतात. दोन दिव्यांमधलं अंतर त्यावरून काढा: ३०च्या स्ट्रिपमध्ये ३३ मिमी, ६०च्या स्ट्रिपमध्ये जवळपास १७ मिमी, १४४च्या स्ट्रिपमध्ये ७ मिमी.

नियम असा: दिव्याच्या तोंडापासून पडद्यापर्यंतचं अंतर निदान दोन दिव्यांमधल्या अंतराइतकं हवं. तेवढं ठेवलं तर दुधी ॲक्रिलिकवर टिंबं विरघळायला लागतात, दीडपट ठेवलं तर अजिबात कळत नाहीत. म्हणजे ६०च्या स्ट्रिपला १७ ते २५ मिमी आणि ३०च्या स्ट्रिपला ३३ ते ५० मिमी.

आता हेच उलट वाचा. भिंतीवर टांगायची चौकट ५ सेंमी खोल चालणार असेल, तर ३०ची स्ट्रिप पुरते. निम्मे दिवे, निम्मी वीज, निम्मी उष्णता. कपाटाच्या कडेला १ सेंमीच जागा असेल तर १४४ची स्ट्रिप किंवा पिक्सेल सीओबी (चिप ऑन बोर्ड, म्हणजे खेटून बसवलेल्या बारीक दिव्यांची) स्ट्रिप घ्यावी लागेल. सीओबीत दिव्यांवर लेपाची सलग रेघ असते, त्यामुळे टिंबं मुळातच दिसत नाहीत. मात्र एका आयसीच्या (दिवे चालवणाऱ्या छोट्या चिपच्या) ताब्यात बऱ्याचदा दिव्यांचा गट असतो, म्हणून एक पिक्सेल किती मिमीचा आहे ते विचारून घ्या. नवशिक्याला १४४ची स्ट्रिप भारी वाटते, पण पूर्ण पांढऱ्यावर एका मीटरला कागदोपत्री साडेआठ अँपिअरच्या पुढे जाते. पहिल्या कामाला ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पडदा पारखायचा कसा

पडद्याचं काम प्रकाश अडवण्याचं नाही, पसरवण्याचं आहे. हे दोन्ही गुण एकमेकांपासून वेगळे आहेत आणि दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात.

जवळ वर्तमानपत्राचं पान ठेवा. शीट पानावर टेकवून ठेवली की अक्षरं थोडी तरी दिसली पाहिजेत. आता शीट करंगळीच्या जाडीइतकी वर उचला. चांगल्या दुधी शीटखाली मथळ्याचं मोठं अक्षरसुद्धा राखाडी ढगात मिसळून जातं. फ्रॉस्टेड, म्हणजे नुसता पृष्ठभाग खरखरीत केलेल्या शीटखाली ते धूसर होतं, पण वाचता येतं. टेकवलेली असतानाच काही दिसत नसेल तर ती शीट उजेड खाणारी आहे. दुसरी परीक्षा मोबाइलच्या टॉर्चची: टॉर्च शीटमागे ५ सेंमीवर धरा. मधोमध झगझगीत ठिपका आणि भोवती अंधार दिसला तर शीट नको. तळहाताएवढा मऊ डाग पडला तर घ्या.

३ मिमी जाडीचं दुधी ॲक्रिलिक हा सगळ्यात भरवशाचा पडदा. ग्लो साइन बोर्डवाले हेच वापरतात, त्यामुळे ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत तुर्भे, रबाळे, महापेच्या औद्योगिक पट्ट्यात बोर्ड बनवणाऱ्यांकडे मोठ्या शीटमधून उरलेले तुकडे मागा. ३० सेंमीच्या चौकटीला अख्खी शीट घ्यायची गरज नसते. माप लिहून न्या आणि तिथेच कापून घ्या. घरी हॅकसॉने कापताना ॲक्रिलिक कोपऱ्यातून तडकतं.

लेझरवर कापून घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: ॲक्रिलिक लेझरवर स्वच्छ कापलं जातं, सनबोर्ड कधीही लेझरवर द्यायचा नाही. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, तो जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो आणि यंत्रही गंजतं. तो कटरनेच कापायचा. पॉलिकार्बोनेट लेझरखाली करपून तपकिरी होतं, पण आपटल्यावर फुटत नाही, म्हणून मुलांच्या हाताला लागणाऱ्या दिव्याला ते बरं.

कागदाचं आकर्षण सगळ्यांना असतं. ट्रेसिंग पेपर प्रकाश सुंदर पसरवतो आणि बटर पेपर सहज मिळतो, पण आपल्याकडे जूनमध्ये हवा दमट झाली की दोन्ही फुगतात आणि पन्हाळी पत्र्यासारखे दिसायला लागतात. दिवाळीच्या कंदिलाला चालतील, बारमाही चौकटीला नाही. पांढऱ्या मलमलीचे दोन थर ताणून बसवले तर फार छान परिणाम येतो. कापडाचा पोत दिसतो आणि दमट हवेत ते पुन्हा ताणता येतं. एकच थर लावला तर दिवे आरपार दिसतात. उशीत भरायचा पॉलिएस्टरचा कापूस ढगाच्या दिव्याला वापरतात. तो पिंजून विरळ करा, दिव्यांवर दाबून भरला तर उष्णता आत कोंडते. टेबल टेनिसचे ४० मिमी चेंडू एकेका दिव्यावर बसवण्याची पद्धतही चांगली आहे, फक्त जुन्या साठ्यातले सेल्युलॉइडचे चेंडू घेऊ नका. सेल्युलॉइड क्षणात पेट घेतं. आता प्लॅस्टिकचे मिळतात, ते घ्या. थर्माकोलचा विचार मात्र सोडून द्या: उष्णतेने तो आकसतो, आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहे.

स्ट्रिपवरचे आकडे

नावं सारखी दिसतात, पण एक आकडा चुकला तर पैसे वाया जातात.

डब्ल्यूएस२८१२बी: ५ व्होल्ट, तीन तारा (५ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा), प्रत्येक दिवा स्वतंत्र. शिकायला हीच घ्या.

एसके६८१२ आरजीबीडब्ल्यू: तारा तीनच, पण लाल-हिरव्या-निळ्याशिवाय चौथा पांढरा दिवा. तीन रंग मिसळून होणारा पांढरा निळसर आणि थंड वाटतो. देवघराजवळ समईशी जुळणारा उबदार उजेड हवा असेल तर वॉर्म व्हाइट असलेली ही स्ट्रिप घ्या, तीन रंगांतून तो जमत नाही.

डब्ल्यूएस२८११ची १२ व्होल्टची स्ट्रिप: यात साधारणपणे तीन दिव्यांना एक आयसी असते, म्हणजे ६० दिव्यांच्या मीटरमध्ये २०च पिक्सेल. गॅलरीच्या कडेला ठीक, चित्राला नाही.

डब्ल्यूएस२८१५: १२ व्होल्ट, प्रत्येक दिवा स्वतंत्र, शिवाय डेटाची दुसरी जादा तार. एक दिवा मेला तरी पुढचे चालू राहतात. लांब कामाला उत्तम.

एपीए१०२: डेटाबरोबर वेगळी क्लॉक तार. लुकलुकण्याचा वेग खूप जास्त असल्याने फिरत्या वस्तूवर किंवा व्हिडिओ चित्रीकरणात पट्टे दिसत नाहीत. महाग आहे, भिंतीवरच्या चौकटीला लागत नाही.

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे त्याचा आकडा. खुल्या स्ट्रिपला आयपी३०, सिलिकॉनचा थर दिलेल्याला आयपी६५ आणि नळीतल्याला आयपी६७ म्हणतात. बंद चौकटीत आयपी३०च घ्या: डाग द्यायला (तारा सोल्डर करायला) सोपी आणि उष्णता बाहेर पडते. ऑनलाइन मागवा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की बाजार जवळच आहे. दुकानात रीळ पेटवून दाखवायला सांगा: लाल, हिरवा, निळा, पांढरा, चारही रंग, शेवटच्या दिव्यापर्यंत.

पहिली चौकट: ३० बाय ३० सेंमी, ८१ दिवे

३०च्या स्ट्रिपमध्ये ९ दिवे बरोबर ३० सेंमीत बसतात. अशा ९ ओळी ३३ मिमी अंतराने लावल्या की उभं आणि आडवं अंतर सारखं होतं. स्ट्रिप लागते २.७ मीटर, म्हणजे ५ मीटरच्या रिळातली निम्म्याहून थोडी जास्त.

सामान: ३२४ मिमी चौरस दुधी ॲक्रिलिक, ३ मिमी. त्याच मापाचा ६ मिमी प्लाय पाठीला. बाजूंना १२ मिमी प्लायच्या ४५ मिमी रुंद पट्ट्या, दोन ३२४ मिमी लांब आणि दोन ३०० मिमी. ईएसपी३२ बोर्ड (दिवे चालवणारा, वायफाय असलेला छोटा कंट्रोलर). ५ व्होल्ट ५ अँपिअरचा, पूर्ण झाकलेला ॲडॅप्टर आणि त्याच्या पिनेचं सॉकेट. ७४एएचसीटी१२५ आयसी (बोर्डाचा सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी). ३३० ओहमचा एक रेझिस्टर. १००० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर. ५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसह. ०.७५ चौरस मिमीची तार.

प्लायऐवजी एमडीएफ स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात कडा फुगतात. वापरलाच तर सगळ्या कापलेल्या कडांना रंगाचा हात द्या. चौकट आतून पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगाने रंगवा. उजेड वाढवायला आत ॲल्युमिनियमची टेप चिकटवण्याचा मोह होतो. टेपमधून वीज वाहते. स्ट्रिपच्या कापलेल्या टोकाचं तांबं तिला टेकलं की शॉर्ट झालंच समजा.

१. स्ट्रिपचे ९-९ दिव्यांचे ९ तुकडे तांब्याच्या ठिपक्यांच्या मधोमध असलेल्या रेघेवर कापा. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा ठिपका उरला पाहिजे.

२. पाठीवर पेन्सिलने ९ रेघा मारा: पहिली आतल्या कडेपासून १७ मिमीवर, पुढच्या ३३.३ मिमीने. तुकडे नागमोडी लावा: स्ट्रिपवर छापलेला बाण पहिल्या ओळीत उजवीकडे, दुसरीत डावीकडे, तिसरीत पुन्हा उजवीकडे. स्ट्रिपमागचा डिंक दमट हवेत सुटतो, म्हणून दोन्ही टोकांना न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब द्या. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं.

३. ओळींची टोकं जोडा. ८ वळणं, प्रत्येकी ३ तारा, म्हणजे ४८ डाग. डीओचा (डेटा आउट) डाग पुढच्या ओळीच्या डीआयला (डेटा इन), ५ व्होल्ट ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला. सोल्डरिंग आयर्नचं तापमान ठरवता येत असेल तर ६०/४० शिशाच्या सोल्डरसाठी ३२० ते ३५० अंश. आधी ठिपक्यावर आणि तारेवर वेगवेगळं सोल्डर चढवा, मग दोन्ही एकत्र धरून दोन-तीन सेकंद तापवा. डाग चकचकीत आणि पसरट दिसला पाहिजे. मण्यासारखा गोल बसला असेल तर तो धरलेला नाही. जास्त वेळ दाबून धरलं की तांब्याचा ठिपकाच सुटून येतो, मग तेवढा तुकडा बाद. खिडकी उघडी ठेवा, काम संपल्यावर हात धुवा.

४. वीज दोन टोकांनी द्या: पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आणि नवव्या ओळीच्या शेवटाला. ॲडॅप्टरच्या धन तारेवर फ्यूज, स्ट्रिपच्या सुरुवातीला ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये कपॅसिटर. कपॅसिटरवर रेघ असलेला पाय ग्राउंडचा. उलटा लावला तर तो फुटतो. ईएसपी३२च्या ५ व्होल्ट पिनेलाही इथूनच वीज द्या. बोर्डाचं ग्राउंड आणि स्ट्रिपचं ग्राउंड एकच असलं पाहिजे. यूएसबी केबल आणि ॲडॅप्टर एकाच वेळी जोडू नका.

५. ईएसपी३२चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, तर ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बीला कागदोपत्री निदान ३.५ लागतात. कधी चालतं, कधी नाही, आणि नेमकं पाहुण्यांसमोर लुकलुकतं. म्हणून मध्ये ७४एएचसीटी१२५: पाय १४ला ५ व्होल्ट, ७ आणि १ ग्राउंडला, २वर बोर्डाची १६ नंबरची पिन (जीपीआयओ १६), ३मधून रेझिस्टरमार्गे पहिल्या दिव्याचा डीआय. दुकानात लॉजिक लेव्हल कन्व्हर्टर म्हणून चार चॅनेलचं छोटं मॉड्यूल देतात. ते सेन्सरसाठी ठीक आहे, या वेगाला पुरं पडत नाही. आयसी ते पहिला दिवा तार जितकी आखूड तितकं बरं.

६. संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमधून बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर चढवा. मग मोबाइलवर डब्ल्यूएलईडी-एपी हे वायफाय दिसेल. पासवर्ड डब्ल्यूएलईडी१२३४, सगळी अक्षरं इंग्रजी छोट्या लिपीत, पत्ता ४.३.२.१. घरचं वायफाय जोडताना ते यादीत आलंच नाही, तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ बँड चालू आहे का बघा. ईएसपी३२ला ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. एलईडीच्या सेटिंगमध्ये संख्या ८१, पिन १६, रंगांचा क्रम जीआरबी (हिरवा, लाल, निळा). 2डी सेटिंगमध्ये ९ बाय ९ आणि सर्पेंटाइनवर (नागमोडी) खूण.

७. विजेची मर्यादा. एका दिव्याचे कमाल ६० मिलिअँपिअर धरले तर ८१ दिव्यांना ४.८६ अँपिअर होतात. ॲडॅप्टर कायम शंभर टक्के पिळू नये, म्हणून डब्ल्यूएलईडीत मर्यादा ३५०० मिलिअँपिअर ठेवा. सुरुवातीला ती ८५० असते, त्यामुळे पांढरा लावला की चौकट मिणमिणती वाटते. बिघाड समजून स्ट्रिप उखडण्याआधी हा आकडा बघा.

८. ॲक्रिलिक अजून स्क्रूने बसवू नका, नुसतं टेकवा. रंग एकमेकांत मिसळलेले हवे असतील तर काम इथेच झालं. प्रत्येक दिव्याचा स्वच्छ चौकोन हवा असेल तर ३ मिमी पांढऱ्या सनबोर्डच्या ३०० मिमी लांब, ४१ मिमी उंच १६ पट्ट्या कापा, निम्म्या उंचीपर्यंत ३ मिमीच्या खाचा पाडून एकमेकींत अडकवा. स्ट्रिप ओलांडणाऱ्या ८ पट्ट्यांना खालून १२ मिमी रुंद, ३ मिमी उंच खाचा ठेवा, म्हणजे डाग दाबले जाणार नाहीत. पट्ट्या ॲक्रिलिकला टेकल्या तर काळ्या रेघा दिसतात, ३-४ मिमी मोकळे राहिले की कडा मऊ होतात. वरच्या आणि खालच्या बाजूला ६ मिमीची चार-चार भोकं पाडा. १७ वॉटची उष्णता बंद डब्यात साठू देऊ नये.

आकाशकंदिलाला हेच करायचं तर

सोसायटीच्या गॅलरीत कंदील प्लगपासून ६-७ मीटरवर असतो. ५ व्होल्ट एवढ्या लांब नेऊ नका. ७ मीटर जायचे, ७ मीटर यायचे, ०.७५ चौरस मिमी तांब्याच्या १४ मीटर तारेचा रोध साधारण ०.३३ ओहम होतो. २ अँपिअरला ०.६५ व्होल्ट वाटेतच जातात, ३ अँपिअरला पूर्ण एक व्होल्ट. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर घरात ठेवा, तारेतून १२ व्होल्ट न्या आणि कंदिलात डब्ल्यूएस२८१५ लावा, बोर्डापुरता १२चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर. बोर्ड कंदिलातच, कारण डेटाची तारही लांब चालत नाही. २३० व्होल्टचं काहीही गॅलरीत नको. दिवाळीतही एखादी सर येते, म्हणून स्ट्रिप आयपी६७ची घ्या. त्या नळीला डिंक धरत नाही, क्लिपा किंवा केबल टाय वापरा.

बिघडलं तर कुठे बघायचं

काहीच पेटत नाही: बाण उलटा आहे का बघा. सिग्नल डीआयकडून डीओकडेच जातो. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, स्ट्रिपवर छापलेली अक्षरं वाचा.

लाल मागितला, हिरवा आला: रंगांचा क्रम चुकला आहे. डब्ल्यूएस२८१२बी जीआरबी असते, डब्ल्यूएस२८११च्या गोळ्या (तारेवर ओवलेले सुटे पिक्सेल) बहुधा आरजीबी.

शेवटाकडे पांढरा तांबूस होतो: व्होल्ट कमी पडतात. निळ्या आणि हिरव्या दिव्याला जवळपास ३ व्होल्ट लागतात, लालला २च्या आसपास, म्हणून निळा-हिरवा आधी मंदावतो. मल्टिमीटरने शेवटच्या दिव्यापाशी मोजा. ४.५च्या खाली असेल तर तिथे वीज जोडायला हवी किंवा आधीचा एखादा डाग कच्चा आहे.

अमुक दिव्यानंतर अंधार: सिग्नल प्रत्येक दिव्यातून पुढे जातो. दोष शेवटच्या चालू दिव्यात असेल किंवा पहिल्या बंद दिव्यात. ओळीच्या वळणावर थांबलं असेल तर आधी डाग पुन्हा करा, नाहीतर ते दोन्ही दिवे बदला.

सगळे दिवे वेडेवाकडे चमकतात: दहापैकी नऊ वेळा ग्राउंड एक नसतं.

चौकट भिंतीवर लावण्याआधी पांढऱ्या रंगात ४ तास चालू ठेवा. दर तासाला ॲडॅप्टर, फ्यूज होल्डर आणि वीज जोडलेली दोन्ही टोकं हाताने चाचपा. कोमट चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर प्लग काढा आणि तो डाग पुन्हा करा. त्यानंतरच ॲक्रिलिकला ३.५ मिमीची भोकं पाडून ३ मिमीच्या स्क्रूने ते बसवा. भोक सैल ठेवायचं कारण उन्हाळ्यात ॲक्रिलिक प्रसरण पावतं. घट्ट आवळलं तर मे महिन्यात स्क्रूपाशी तडा जातो.